बर्फावर वाढत्या मापाचं चालत नाही

जूनमध्ये शाळेचा गणवेश घेताना आपण तो मुलाच्या नेमक्या मापाचा कधीच घेत नाही. पँटच्या पायाला आतून दुमड घालून ठेवायची, शर्टाच्या बाह्या पहिले काही महिने मनगटाखाली लोंबू द्यायच्या आणि कपडा पुढच्या वर्षापर्यंत पुरवायचा, हा घराघरांतला हिशेब. त्यात वावगं काही नाही. मुलं भराभर वाढतात, पगार तितक्या भराभर वाढत नाही.

म्युनिक, झ्युरिक किंवा डेन्व्हरला राहायला गेलेलं मराठी कुटुंब पहिल्या हिवाळ्यात स्कीच्या दुकानात शिरतं ते हाच हिशेब घेऊन. शाळेचं शिबिर बर्फावर जाणार असतं. वर्गातली बाकीची मुलं चालायला लागल्यापासून उतारावर घसरत आलेली असतात. त्यांच्यात आपलं पोर मागे पडू नये असं वाटतं, आणि किमती ऐकल्यावर हात आपोआप एक माप मोठ्या बुटाकडे जातो. निदान दोन हिवाळे तरी निघतील!

बूट दोन हिवाळे निघतातही. मूल मात्र त्या दोन हिवाळ्यांत नीट वळायला शिकत नाही, किंवा दुसऱ्याच दिवशी ‘मला नाही जायचं’ म्हणून बसतं. स्कीमध्ये पायाची ताकद बर्फापर्यंत पोचवायची असते. पाय बुटाला रेटतो, बूट बाइंडिंगमधून स्कीला रेटतो, स्की कलते, तिची पोलादी कड बर्फात रुतते आणि वळण लागतं. या साखळीत एक कडी सैल पडली की मुलानं केलेली हालचाल बर्फापर्यंत पोचतच नाही. तरीही प्रत्येक वस्तू काटेकोर मापाचीच हवी असं नाही. वाढीला जागा कुठे सोडायची, किती सोडायची आणि कुठे अजिबात सोडायची नाही, हे एकदा कळलं की मूलही सुखी राहतं आणि खिसाही.

बूट: जागा बोटभर, तीही टाचेमागे

सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वेळ बुटाला द्यायचा. स्की थोडी इकडेतिकडे झाली तर मूल चालवून घेतं, पण चुकीच्या बुटात ते अर्धा तासही टिकत नाही.

स्कीच्या बुटाला ‘मोंडोपॉइंट’ नावाचं माप चालतं आणि ते फार सोपं आहे: पावलाची लांबी, सेंटिमीटरमध्ये. पाऊल २०.५ सेंटिमीटर असेल तर बूटही २०.५. रोजच्या बुटांचे भारतीय, युरोपीय, अमेरिकन नंबर इथे विसरायचे. माप घरीच घेता येतं. मुलाला कागदावर उभं करायचं, टाच भिंतीला टेकवायची, भार दोन्ही पायांवर सारखा, आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलीनं खूण करायची. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असं नाही. दोन्ही पावलं मोजून मोठ्याचं माप धरायचं. मुलाला बसवून घेतलेलं माप फसवं निघतं, कारण अंगाचा भार पडला की पाऊल थोडं पसरतं आणि लांबतं.

हा आकडा ही फक्त सुरुवात. स्कीच्या बुटाचे दोन भाग असतात, बाहेर टणक प्लॅस्टिकचं कवच आणि आत मऊ लायनर. पूर्वी हे बूट चामड्याचे असत. अमेरिकेतल्या बॉब लँग यांनी १९६० च्या दशकात प्लॅस्टिकचा बूट बाजारात आणला आणि काही वर्षांतच चामडं मागे पडलं. चामडं वापरता वापरता पायाचा आकार घेई, प्लॅस्टिक घेत नाही. म्हणून जाणता दुकानदार डब्यावरच्या आकड्यावर न विसंबता कवच तपासतो. तो लायनर उपसून बाजूला ठेवतो, मुलाला मोज्यासकट पाय रिकाम्या कवचात घालायला लावतो, बोटं पुढच्या भिंतीला हलकेच टेकतील इतपत पाऊल पुढे सरकवतो आणि टाचेमागे किती जागा उरली ते बघतो. आपलं एक बोट आत गेलं, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर जागा असली, की माप बरोबर. वाढत्या मुलाला दोन सेंटिमीटरपर्यंत चालवून घेता येतं. दोन बोटं ऐसपैस गेली तर तो बूट पुढच्या वर्षीचा.

ही बोटभर जागा एका हंगामाला पुरते. शाळकरी मुलाचं पाऊल वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. ऑक्टोबरात घेतलेल्या बुटात मार्चपर्यंत अर्धा सेंटिमीटर वाढ झाली तरी टाचेमागे जागा उरते. त्या वेळी दीडच्या जागी अडीच सेंटिमीटर सोडले तर अख्खा पहिला हंगाम पाऊल बुटात पोहत राहतं, आणि शिकण्याचा खरा हंगाम तोच असतो. अर्धा नंबर मोठा मागून मधला मार्ग निघेल असं वाटतं, पण बहुतेक कंपन्यांत २२ आणि २२.५ चं कवच एकच असतं. फरक काय तो लायनरमध्ये किंवा आतल्या तळव्यात.

लायनर परत बसवून, बकल लावून मुलाला उभं केलं की दुकानात हमखास एक संवाद घडतो.

“बाबा, बोटं पुढे टेकतायत.”

बाबांचा हात लगेच मोठ्या बुटाकडे जातो. दुकानदार त्यांना थांबवतो आणि मुलीला सांगतो, “गुडघे वाकव. आणखी. नडगी बुटावर रेट. आता?”

मुलगी क्षणभर बोटं हलवून बघते. “आता नाही टेकत.”

सरळ उभं राहिलं की मापाच्या बुटात बोटं पुढे टेकणारच. गुडघे वाकले की टाच मागे सरकून तिच्या खोबणीत बसते आणि बोटं मोकळी होतात. स्की करताना गुडघे वाकलेलेच असतात, तेव्हा बुटाची परीक्षाही त्याच स्थितीत घ्यायची. मग मुलाला टाचा उचलून बघायला सांगावं. टाच बुटाच्या तळापासून सुटून वर येत असेल तर बूट मोठा किंवा रुंद आहे. बूट घालून दहा-पंधरा मिनिटं दुकानातच फिरू द्यावं. पहिल्या मिनिटाला सगळेच बूट घट्ट वाटतात, त्यामुळे दहाव्या मिनिटाला मूल काय म्हणतं ते खरं.

मोठ्या बुटात नेमकं काय होतं तेही बघायला हवं. मूल पाय वळवतं, पाय बुटातल्या बुटात फिरतो आणि बूट जागचा हलत नाही. तोल सावरायला ते बोटं आखडून तळ पकडायचा प्रयत्न करतं आणि मागे रेलून पोटरीच्या आधारानं उभं राहतं. भार मागे गेला की स्कीची टोकं हलकी पडतात आणि सुकाणू सुटतं. आईवडिलांना दिसतं ते एवढंच की बूट ढिला आहे, म्हणून ते बकल आवळतात. पाऊल तरीही हलतंच, वर रक्तपुरवठा अडतो आणि बोटं गारठतात. मग दुसरा मोजा चढतो. बर्फावर रडणाऱ्या कितीतरी मुलांच्या पायात एक माप मोठा बूट आणि दोन मोजे सापडतात.

मोजा एकच हवा. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, गुडघ्यापर्यंतचा, पातळ किंवा मध्यम. दोन मोजे एकमेकांवर सरकतात, सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्या कडक प्लॅस्टिकमध्ये टोचतात. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओला पाय गार पडतो. आतली गरम विजार बुटात खोचायची नाही, तिचं टोक बुटाच्या वर थांबलं पाहिजे. नडगी आणि लायनर यांच्यामध्ये मोज्याशिवाय दुसरं काही नको.

मापाइतकाच बुटाचा कडकपणा महत्त्वाचा. त्याला ‘फ्लेक्स’ म्हणतात आणि तो आकड्यात देतात. मुलांचे बूट बहुधा ४० ते ६० च्या आसपास, मोठ्यांचे ८० पासून १३० पर्यंत. या आकड्याला कंपन्याकंपन्यांमध्ये समान प्रमाण नाही, म्हणून तो वाचून सोडून द्यावा आणि मुलाला नडगी पुढे रेटायला सांगावं. बूट घोट्यापाशी थोडातरी वाकला पाहिजे. वीस-बावीस किलोच्या मुलाला मोठ्यांचा बूट वाकवता येत नाही, आणि न वाकणाऱ्या बुटात ते मागेच रेलून राहतं. दुकानाच्या उबेत जेमतेम वाकणारं प्लॅस्टिक शून्याखाली आणखी ताठ होतं, हेही धरून चालावं. याच कारणासाठी बूट रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. सकाळी ते दगडासारखे होतात आणि मुलाचा पहिला तास ते चढवण्यातच जातो. संध्याकाळी लायनर काढून खोलीच्या उबेत वाळवावेत, थेट हीटरवर नाही.

बाइंडिंग: इथे जागा शून्य

बाइंडिंगचं काम परस्परविरोधी आहे. वळताना बूट स्कीला घट्ट धरून ठेवायचा, आणि पडताना हाड मोडायच्या आत सोडून द्यायचा. जुन्या काळी बाइंडिंग फक्त धरून ठेवायचं. ओरेगनमध्ये स्थायिक झालेले नॉर्वेजियन स्कीपटू यालमार व्हाम यांचा १९३७ मध्ये पाय मोडला आणि इस्पितळात पडल्या पडल्या त्यांना आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली. १९३९ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. आजचं प्रत्येक बाइंडिंग त्याच विचारावर चालतं. पाय पिळला गेला की पुढचा भाग बाजूला उघडतो, अंग पुढे फेकलं गेलं की टाचेचा भाग वर उघडतो.

किती जोरावर उघडायचं ते एका स्प्रिंगवर ठरतं आणि तिचा आकडा बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीत दिसतो. बोलीभाषेत त्याला ‘डिन’ म्हणतात. हा आकडा अंदाजानं लावत नाहीत. आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा तक्ता आहे आणि दुकानातला तंत्रज्ञ तो समोर ठेवूनच काम करतो. त्याला वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत विचारावी लागते. सावकाश चालणारा नवशिका पहिल्या प्रकारात मोडतो, वेगानं उतरणारा तिसऱ्या. वीस किलोच्या नवशिक्या मुलाचा आकडा एकच्या आसपास येतो, मोठ्या माणसाचा बहुधा चार ते सात. तक्त्यात वजनाच्या पायऱ्याही लहान आहेत: १० ते १३ किलो, १४ ते १७, १८ ते २१, २२ ते २५. वाढत्या वयाचं मूल एका वर्षात एक पायरी सहज ओलांडतं. वजन विचारल्यावर ‘पुढे वाढेलच’ म्हणून दोन-तीन किलो जास्त सांगणं म्हणजे बाइंडिंग उशिरा सुटायची सोय करून ठेवणं.

तळाची लांबी विचारतात त्यालाही कारण आहे. बूट जितका लांब तितका तरफेचा दांडा लांब, आणि तीच स्प्रिंग पायावर जास्त पीळ देते. म्हणून वजन तेच असताना लांब बुटाला आकडा कमी लागतो. ही लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेच्या बाजूला कोरलेली असते, उदाहरणार्थ २५७. हंगामाच्या मध्यात मुलाला नवा बूट घेतला तर जुन्या स्कीवर तो ‘बसतोय’ एवढ्यावर भागत नाही. बाइंडिंग त्या लांबीला सरकवून आकडा पुन्हा लावून घ्यावा लागतो.

खरी गफलत घरातल्या घरात होते. दादाच्या स्की धाकटीला दिल्या जातात. दादा ३४ किलोचा, धाकटी २४ किलोची, आणि खिडकीतला आकडा दादाचाच राहतो. धाकटी सावकाश घसरत असताना वेडीवाकडी पडते. वेग कमी, अंगही हलकं, त्यामुळे स्प्रिंग उघडण्याइतका जोर येत नाही. स्की पायाला तशीच राहते, लांब दांड्यासारखी वळते आणि नडगीचं हाड पिळलं जातं. मुलांच्या स्की-अपघातांत नडगीचं असं पिळवटून मोडणं डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एका स्की-केंद्रावर १९७२ पासून दुखापतींची बारकाईनं नोंद ठेवली गेली. बाइंडिंग सुधारत गेली तशी नडगीची मोडतोड खूप कमी झाल्याचं त्यातून दिसलं, पण ते आकड्यांच्या योग्य जुळणीवर अवलंबून असतं, आणि मुलांच्या बाबतीत ती जुळणी सर्वांत लवकर जुनी होते. उलट आकडा फार कमी ठेवला तर चालत्या वळणात स्की निसटते. तेव्हा दोन्हीकडे हात मारायला जागा नाही. स्क्रूड्रायव्हर घरात असला तरी हे काम दुकानात करून घ्यावं.

आणखी एक बारकावा. लहान मुलांच्या बुटाचा तळ मोठ्यांच्या बुटापेक्षा अरुंद असतो आणि पुढचा ओठ पातळ, मोठ्यांचा १९ मिलिमीटर तर मुलांचा १६.५. काही बाइंडिंग दोन्ही तळ घेतात, काही एकच. मुलाचं पाऊल तेवीस-चोवीस सेंटिमीटरच्या पुढे गेलं की बूट बहुधा मोठ्यांच्या तळाचा येतो, आणि तेव्हा जुनं बाइंडिंग त्याला चालतं का हे विचारून घ्यावं. तळाला चिकटलेला बर्फ किंवा खडी हीही बाइंडिंगची जुळणी बिघडवते. बूट आत घालण्यापूर्वी तळ झटकायची सवय मुलाला पहिल्या दिवसापासून लावावी.

हेल्मेट: डोकं तेवढं वाढतच नाही

हेल्मेटच्या बाबतीत वाढत्या मापाचा मोह मुळातच निराधार आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५१ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि पंधराव्या वर्षी तो ५५ च्या घरात जातो. वर्षाला अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही. आज नेमक्या मापाचं घेतलेलं हेल्मेट, मागची चकती फिरवून, दोन-तीन हिवाळे सहज निघतं.

भुवयांच्या दोन बोटं वरून टेप गुंडाळून घेर मोजायचा. हेल्मेट घातल्यावर, पट्टा लावायच्या आधी, मुलाला मान जोरात हलवायला सांगायचं. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. आत जाड टोपी घालायची नाही. मुलींची उंच बांधलेली पोनीटेल हेल्मेटला वर उचलते, त्यापेक्षा मानेवर सोडलेल्या दोन वेण्या बऱ्या. हेल्मेट आणि गॉगल यांच्यामध्ये कपाळाची पट्टी उघडी राहिली की वारा तिथेच झोंबतो, म्हणून दोन्ही वस्तू एकत्र घालून बघूनच घ्याव्यात. चष्मा लावणाऱ्या मुलांसाठी चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही गॉगल डोळ्यांवर हवाच.

युरोपात स्कीच्या हेल्मेटवर ईएन १०७७ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ२०४० ही मानकं लिहिलेली असतात. सायकलच्या हेल्मेटवर ईएन १०७८ लिहिलेलं असतं. एका आकड्याचा फरक दिसतो, पण ते बर्फासाठी नाही. इटलीनं २००५ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना स्कीच्या उतारांवर हेल्मेट सक्तीचं केलं आणि २०२२ मध्ये ही मर्यादा १८ वर आणली. जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. म्हणून इतर काहीही जुनं घ्या, हेल्मेट अनोळखी माणसाकडून जुनं घेऊ नका.

स्की: थोडी ढील चालते

स्कीच्या लांबीबद्दल जुन्या पिढीचं मत ऐकायचं नाही. पूर्वी हात वर केल्यावर मनगटापर्यंत पोचेल इतकी लांब स्की घेत. १९९० च्या दशकात कमरेत बारीक आणि टोकांना रुंद असलेल्या स्की आल्या. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीची एससीएक्स ही त्यांतली सुरुवातीची. अशी स्की कलवली की आपल्या कमानीवर आपणच वळते, आणि तिला वळायला फार लांबी लागत नाही.

आज नवशिक्या मुलाला छाती ते हनुवटी, आणि वळणं जमू लागलेल्याला हनुवटी ते नाक एवढी स्की पुरते. मुलांच्या स्की बहुधा दहा-दहा सेंटिमीटरच्या टप्प्यांनी येतात, ८०, ९०, १०० अशा. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर वजन बघायचं. स्कीला उंची कळत नाही, ती वाकते वजनानं. सडपातळ मुलाला आखूड, अंगानं भरलेल्याला लांब. अगदी लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि पाय अशक्त, त्यांना तर आखूडच हवी. पहिल्या दिवसांत मूल स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब करून वेग रोखायला शिकतं. अमेरिकेतले प्रशिक्षक या आकाराला ‘पिझ्झा’ म्हणतात. लांब स्कीच्या शेपट्या बाहेर ढकलायला ताकद पुरत नाही, टोकं एकमेकांवर चढतात आणि पिझ्झा काही होत नाही.

पण मूल आत्मविश्वासानं वळत असेल तर पाच सेंटिमीटर जास्त लांबीनं बिघडत नाही. इथे वाढीला जरा जागा सोडता येते. काठ्यांची तर पहिल्या हंगामात गरजच नसते. हात रिकामे असले की मूल पायांनी वळायला शिकतं. पुढे काठी घेताना ती उलटी करून तळच्या चकतीखाली धरावी. कोपर काटकोनात आलं की माप बरोबर.

कपडे: इथे मनसोक्त मोठे घ्या

गणवेशाचा हिशेब इथे लागू पडतो. मुलांच्या अनेक स्की-जॅकेटांत बाहीच्या आत एक शिवण असते. ती उसवली की बाही काही सेंटिमीटर लांब होते. विजारीच्या पायालाही अशीच सोय असते. जॅकेट एक माप मोठं घेतलं तर आत लोकरीचा एक थर जास्त मावतो आणि पुढच्या हिवाळ्याची बेगमी होते. हातमोजे मात्र फार मोठे नकोत. लहानग्यांना पाच बोटांपेक्षा एकच खोळ असलेले मोजे बरे, बोटं एकमेकांना ऊब देतात. मफलर घालू नये, लिफ्टमध्ये अडकतो. मानेला गुंडाळायची नळीसारखी पट्टी पुरे.

विकत, भाड्यानं की कुणाचं तरी

आल्प्समधल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या गावांत साहित्य हंगामभरासाठी भाड्यानं देण्याची पद्धत जुनी आहे. शरद ऋतूत घ्यायचं, वसंतात परत करायचं. काही दुकानं मध्येच पाय वाढला तर बूट बदलूनही देतात, आणि करार करताना हे विचारून घेतलेलं चांगलं. वाढत्या मुलासाठी हा व्यवहार सहसा सर्वांत शहाणा. प्रत्येक सहलीला नव्यानं भाड्याच्या रांगेत उभं राहिलं की दर वेळी वेगळा बूट मिळतो आणि मुलाचे दोन दिवस त्या बुटाशी जुळवून घेण्यात जातात. हंगामभर एकच बूट पायात राहिला की हे टळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्की-क्लब आणि शाळा जुन्या साहित्याचे बाजार भरवतात. तिथे लवकर जावं, कारण लहान मापं आधी संपतात.

जुनं घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. स्कीच्या कडा सलग आणि गंज न चढलेल्या आहेत का. तळाला कडेपर्यंत पोचलेली भेग नाही ना. आणि बाइंडिंग इतकं जुनं तर नाही ना, की कंपनीनं त्याची जबाबदारी घेणं थांबवलंय. अशा बाइंडिंगला दुकानदार हातही लावत नाहीत. फार जुन्या बुटांचं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि थंडीत चालता चालता तडकतं. दहा वर्षांपूर्वीचा बूट फुकट मिळाला तरी महागच.

भारतात हा सगळा प्रपंच बहुतेक कुटुंबांना आठवड्याभरासाठीच करावा लागतो. जानेवारी ते मार्चमध्ये गुलमर्ग किंवा औलीला जाणारी पुण्या-मुंबईची मुलं तिथेच बूट आणि स्की भाड्यानं घेतात. गुलमर्गात स्कीचं साहित्य हा जुना धंदा आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेल्या आरिफ खान यांच्या वडिलांचं तिथे स्की-साहित्याचं दुकान होतं, आणि चिमुकला आरिफ त्याच उतारांवर स्की शिकला. प्रत्येक घराला असं दुकान नसतं. भाड्याच्या साठ्यात लहान मुलांची मापं मोजकी असतात आणि घाईत जे हाताला लागेल ते पायात चढतं. म्हणून निघण्याआधी दोन्ही पावलांचं सेंटिमीटरमधलं माप आणि मुलाचं खरं वजन लिहून न्यावं. स्कीचा एक मोजा आणि मापाचं हेल्मेट घरून न्यावं. पहिल्या दिवशी घाई न करता कवचाची ती बोटभर परीक्षा तिथेच करून घ्यावी आणि बाइंडिंगच्या खिडकीतला आकडा आपल्या डोळ्यांनी बघावा. ‘सहा नंबरचा आहे, बसेल’ म्हणणाऱ्याला नम्रपणे ‘सेंटिमीटरमध्ये किती?’ विचारावं.

उतारावर मूल तक्रार करू लागलं की हट्ट समजून दटावण्याआधी कुठे दुखतं ते विचारावं, कारण दुखण्याची जागा बरंच सांगते. बोटांची टोकं दुखत असतील तर बूट आखूड झाला किंवा टाच मागे नीट बसलेली नाही. बकल सोडून, टाच जमिनीवर आपटून, पुन्हा लावून बघावं. नडगीवर एकाच ठिकाणी टोचत असेल तर बहुधा मोज्याची सुरकुती किंवा आत खोचलेली विजार. पोटरी दुखत असेल तर मूल मागे रेलतंय, बूट फार ताठ किंवा मोठा आहे. सगळं पाऊल बधिर होत असेल तर बकल जास्त आवळलंय. ही चौकशी दोन मिनिटांची, आणि तिच्यावरच अनेकदा दिवस वाचतो.

पहिल्या वर्षी पैसे मोजकेच असले तर ते बूट आणि हेल्मेट यांवर लावावेत, स्की भाड्यानं घ्याव्यात आणि कपडे मित्रमंडळींकडून मागावेत. परदेशातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटात डिसेंबरच्या आधी एक निरोप टाकला की कुणाच्या तरी माळ्यावरून एक जॅकेट उतरतंच. जानेवारीत, हंगामाच्या मध्यावर, मुलाला पुन्हा एकदा कागदावर उभं करून पाऊल मोजावं आणि वजनही करावं. दोन्हींपैकी काहीही बदललं असेल तर दुकानात एक फेरी मारावी. जॅकेट दादाचं चालेल, स्की शेजारच्यांची चालेल. बूट आणि बाइंडिंगचा आकडा मात्र ज्याचा त्याचा, आणि तोही आजचा.